सात नंबरचं हेल्मेट

सोमवार, ४ नोव्हेंबर

मालिका बंद होणार हे आज अधिकृतपणे सांगितलं. बावीस वर्षांचं प्रकरण पाच मिनिटांत आटोपलं, तेही उभ्याउभ्या, कारण बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या कुणीतरी आधीच वरच्या मजल्यावर नेल्या होत्या.

'लांब पल्ला' हे नाव ऐकून पहिल्या वर्षी लोकांना वाटायचं की ही ट्रकवाल्यांची मालिका आहे. आता आमचं यान कुठून निघालं आणि त्यात माणसं किती, हे शाळेतली पोरंसुद्धा घडाघडा सांगतात. यान मात्र अजून कुठेच पोचलेलं नाही. शेवटच्या भागातही पोचणार नाही म्हणे, त्यात अर्थ आहे. असेल.

मग प्रमुख लेखिका बोलायला उभी राहिली. म्हणजे उभी होतीच. मालिका सुरू झाली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि ते ती दिवसातून एकदा तरी सांगते. म्हणाली, मुख्य गोष्ट संपली तरी जग संपत नाही, आता बाजूच्या पात्रांच्या स्वतंत्र मालिका काढायच्या. ज्याला जे सुचेल ते त्याने महिनाअखेरपर्यंत द्यावं. "वहीबाई, तुम्हीसुद्धा हं. या लोकांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

मी म्हटलं, "बघते."

वहीबाई म्हणजे मी. कुठल्या भागात कुणी काय घातलं, कुणाची जखम कुठल्या गालावर, कोण जिवंत, कोण मेलं, हे सगळं मी लिहून ठेवते. एकोणीस वह्या झाल्या. दर शनिवारी पुढच्या आठवड्याची बोलावण्याची यादी माझ्या वहीवरून निघते. जो वहीत मेला त्याला बोलावणं जात नाही. वहीत खोडरबर चालत नाही. चुकलंच तर एक रेघ मारायची, वर दुरुस्ती, तारीख आणि सही. अशा रेघा एकोणीस वह्यांत मिळून चार आहेत, चारही पहिल्या वर्षातल्या.

महिनाअखेरीला वह्या जमा करायच्या आणि घरी बसायचं. मला काही विशेष वाटलं नाही. येताना नासपती घेतले, चांगले निघाले.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कल्पना शोधायला म्हणून वह्या घरी आणल्या. दोन खेपा झाल्या. ठेवायच्या कुठे हा प्रश्न होता, तर जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची नाहीतरी रिकामीच असते, तिच्यावर रचल्या. माणूस बसल्यावर डोकं येतं साधारण तिथपर्यंत आल्या. जेवताना समोर काहीतरी आहे हे बरं वाटलं.

पहिली कल्पना सुचली. यानातल्या पाण्याच्या टाक्यांवर देखरेख करणारी बाई. अकरा भागांत दिसली, बोलली एकदाच: "पाणी पुरेल." ती तिथे खाली दिवसभर काय करते? सुचलं ते लिहीत गेले, सहा पानं झाली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दोन कल्पना दिल्या. टाकीवालीची, आणि दुसरी यानात सूचना देणाऱ्या आवाजाची. तो आवाज ज्या बाईचा आहे ती एका कोठडीएवढ्या खोलीत बसते, तिला कुणी कधी पाहिलेलं नाही, असं मी धरलं होतं.

प्रमुख लेखिकेने माझ्यासमोरच वाचलं. वाचताना ती पेन चावते. म्हणाली, "छान आहे, वहीबाई. पण एक विचारू? तुमच्या दोन्ही गोष्टींत एक माणूस, एक खोली आणि बंद दार. ही बोलणार कुणाशी?"

मी म्हटलं, "बोलायला कशाला हवं? काम चोख करते की."

"प्रेक्षकाला कुणीतरी दार वाजवेल असं वाटत राहायला हवं ना."

मला हे पटलं नाही. कामाच्या वेळात कोण कशाला दार वाजवेल? तरी म्हटलं, बघते.

रविवार, १० नोव्हेंबर

दहाला अक्काचा फोन. दर रविवारी असतो. मालिका संपतेय म्हटल्यावर तिने लगेच सुरुवात केली, "मग आता इकडेच ये राहायला. हे गेल्यापासून वरची खोली पडूनच आहे."

"बघते."

"तुझं हे बघते आहे ना," अक्का म्हणाली, "लहानपणापासून ऐकतेय. खेळायला येतेस का? बघते. स्थळ आलंय, भेटतेस का? बघते. अगं, बघून बघून एव्हाना डोळ्यांचे नंबर वाढले तुझे."

अक्काला तडकाफडकी उत्तर लागतं. मी विचार करून ठरवणारी आहे. माझ्या मनात 'हो' असतं तेव्हाच मी 'बघते' म्हणते, नसतं तेव्हा सरळ 'नाही' म्हणते. आता हे मी तिला साठाव्या वर्षी काय समजावत बसू!

तिसरी कल्पना यानाबाहेर काम करणाऱ्या मेकॅनिकांची घ्यावी. ते आठ होते. त्यांना नावं नव्हती, हेल्मेटांवर आकडे होते. त्यातल्या सातव्याची घेता येईल. तो अकरा वर्षांपूर्वी, आठव्या वर्षाच्या मोसमात नव्हे, अकराव्यात, दोर तुटून अंतराळात वाहून गेला. मरण्याआधीची त्याची गोष्ट सांगता येईल.

(वर आठव्या लिहून मग अकराव्या लिहिलं. माझ्याकडून असं सहसा होत नाही.)

बुधवार, १३ नोव्हेंबर

सातव्यावर लिहितेय. काम करणारा जो नट होता त्यालाही सगळे सातवाच म्हणायचे, मी 'सातवे' म्हणत असे, अहो-जाहोत. त्याच्याबद्दल खास असं काही नव्हतं. उंची मध्यम. डावखुरा. दोर धरायचा तो नेहमी डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन, हे दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं, त्याची सवयच तशी. चहात साखर घालून ढवळायचा नाही, तळाशी राहिलेली शेवटी चमच्याने खायचा. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, कारण ती खिडकीजवळ होती. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आम्ही दोघं मिळून सोडवायचो. आडवे शब्द त्याचे, उभे माझे. सहा वर्षं.

एवढं लक्षात आहे ते माझ्या कामामुळे. मला सगळ्यांचंच असं लक्षात राहतं.

आता आठवू गेले तर चौथ्याचा चेहरा काही आठवत नाही. पाचव्याचाही नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

त्या वेळचं एकदा लिहून टाकते, म्हणजे कल्पनेत मिसळणार नाही.

वाहून जाण्याचा प्रसंग शुक्रवारी होता. आदल्या दिवशी, गुरुवारी, कोडं अर्धं झालेलं असताना सातवे म्हणाले, "रविवारी माझ्याकडे जेवायला या. मी बरा स्वयंपाक करतो."

मी म्हटलं, बघते.

शुक्रवारी दृश्य झालं आणि कळलं की मरणारा मेकॅनिक सातवाच आहे. म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक असणार. दृश्याचे कागद नटांना आधी मिळतात. तर ते जेवण निरोपाचं होतं, आणि तसं सांगायचंही त्यांनी टाळलं. मला वाईट वाटलं. तरी रविवारी मी निघाले होते. नासपती घेतले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, त्याच्या पायरीपाशी एक वाजेपर्यंत उभी राहिले. मग वाटलं, निरोपाचं जेवण म्हणजे उपचार, कशाला जायचं? परत आले. पुढे ते दिसले नाहीत. मेलेल्याला बोलावणं जात नाही.

नासपती मी एकटीनेच संपवले, तीन दिवस पुरले.

शनिवार, १६ नोव्हेंबर



सकाळी सातवा वाहून जातो तो भाग पाहिला, पहिल्यांदाच. प्रसारित झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता. कामाचं होतं ते दृश्य होताना लिहून घेतलंच होतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

सात नंबरचं हेल्मेट घातलेला माणूस यानाबाहेर आहे. तो उजव्या हाताने कडी सोडतो. उजव्या. मी मागे नेऊन चार वेळा पाहिलं. मग यानाच्या दारात, अगदी कडेला, आत उभ्या असलेल्या माणसाचा फक्त खांदा आणि हात दिसतो. तो दोर धरून आहे. डाव्या मनगटाला दोन वेढे.

वाहून गेला तो चौथा होता. दहाव्या वहीत, आदल्याच पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'सकाळी चार नंबरच्या हेल्मेटची काच तडकली.' दुसरं हेल्मेट येईपर्यंत त्याला सातवं दिलं असणार. आणि सातव्याला हेल्मेट उरलं नाही म्हणून दाराच्या आत उभं केलं असणार. मी आकडा पाहिला आणि लिहिलं: 'सातवा. मृत.' कागदावर तर 'एक मेकॅनिक' एवढंच होतं. चौथा त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला, त्याचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर चढलं, झालं. हेल्मेटच्या आत कोण आहे हे बघायचं काम एकटीचं होतं, माझं.

मी चेहरे बघून लिहिते. बावीस वर्षं चेहरे बघूनच लिहिलं. त्या शुक्रवारीच आकडा बघून का लिहिलं?

कारण त्या दिवशी मी मान वर केली नव्हती. वर केली असती तर ते दिसले असते, आणि त्यांनी विचारलं असतं, येताय ना?

शनिवारी यादी निघाली. त्यात सातवा नव्हता. म्हणजे एका जिवंत माणसाला मी घरी बसवलं. अकरा वर्षं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रमुख लेखिकेला सगळं सांगितलं, म्हणजे हेल्मेटांपुरतं. म्हटलं, सातवा जिवंत आहे, शेवटच्या भागाआधी त्याला परत आणू या. गोष्टही तयार आहे. सातवा अकरा वर्षं यानातच आहे, पण नोंदीत मेल्यामुळे त्याला कुणी हाक मारत नाही, जेवणाच्या रांगेत त्याचं ताट नसतं. तोही मग आपण नाहीच असं समजून वागतो.

ती बराच वेळ पेन चावत राहिली. मग म्हणाली, "ही तुमची सगळ्यात चांगली कल्पना आहे, वहीबाई. पण नाही जमणार हो. सातव्याच्या मरणावर लोक रडलेत. त्यांना आता सांगायचं की तुम्ही चुकीच्या माणसासाठी रडलात?" मग हळूच म्हणाली, "हे कुणालाच दिसलेलं नाही. राहू दे ना तसंच. वहीत आहे ना, मग झालं."

हे 'वहीत आहे ना, मग झालं' बावीस वर्षं इथे सगळे म्हणतात. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नवी मालिका बहुतेक कप्तानाच्या यांत्रिक मांजरावर निघणार. मांजराला बोलायला माणसं लागतात, ती आहेत म्हणे भरपूर.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

जुन्या कागदांत सातव्यांचा पत्ता मिळाला. संध्याकाळी गेले. औषधांचं दुकान अजून आहे. घरात आता दुसरी माणसं राहतात. शेजारीण म्हणाली, "ते होय? ते तळ्यावर होड्या चालवतात. भाड्याच्या. शनिवारी सकाळी जा, नक्की भेटतील."

चांगलं वाटलं की शेजारणीने 'चालवतात' म्हटलं. येताना बसमध्ये काय बोलायचं ते मनात जुळवलं. माफी मागायची, वहीची रीत सांगायची, निघायचं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

तळं लहान आहे. आठ होड्या, आठांवर आकडे. सात नंबरची बाहेर होती.

एक माणूस पाठमोरा उभा राहून होडी ओढून घेत होता, आणि दोराचे दोन वेढे डाव्या मनगटाला. मी हाक मारली, "सातवे."

त्यांनी वळून पाहिलं. केस पांढरे झालेत, बाकी तेच. मग हसले आणि म्हणाले, "या, वहीबाई. मयताला अकरा वर्षांनी येणारं माणूस पहिल्यांदाच पाहतोय."

जुळवलेलं सगळं विसरले. उभ्याउभ्याच सांगितलं, काच, हेल्मेट, आकडा. ते दोर गुंडाळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चूक होती?"

"चूक होती."

"तुमची?"

"माझी."

"मला ते कधी सुचलंच नाही," ते म्हणाले. "शनिवारी यादी आली, त्यात मी नाही, म्हणजे वहीत मेलेलो. मी म्हटलं, दोर तर मी धरला होता, मेलो कसा? मग म्हटलं, वहीबाईंच्या हातून चूक होत नाही. म्हणजे मुद्दाम लिहिलंय. म्हणजे हे उत्तर आहे."

"कशाचं उत्तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोराकडे. "जाऊ द्या. मी रविवारी दोन माणसांचा स्वयंपाक केलाच होता, न जाणो म्हणून. पण बरोबर होतं तुमचं, असंच वाटलं."

"कार्यालयात येऊन सांगायचं तरी!"

"काय सांगणार? मी जिवंत आहे, असं?" यावर ते मनापासून हसले. "आणि बरंच झालं म्हणा. नाहीतर अजून हेल्मेट घालून कडेला उभा असतो. इथे उघड्या डोक्याने असतो."

तेवढ्यात तिकिटांच्या खोलीतून एक बाई आल्या, हातात चहाचे पेले. त्यांची बायको. मागून मुलगी, आठेक वर्षांची, पिवळं जाकीट, समोरचा वरचा डावा दात पडलेला, उजव्या बुटाची नाडी सुटलेली. सातव्यांनी ओळख करून दिली, "या वहीबाई. यांनीच मला मारलं."

मुलगी म्हणाली, "या? या तर किती बारीक आहेत!"

सातव्यांनी चहा ढवळला नाही. तळातली साखर चमच्याने काढून मुलीला दिली.

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही काय केलंत हो, अकरा वर्षं?"

मी म्हटलं, "दोनशे चौसष्ट भाग."

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जेवायला या ना. हे बरा स्वयंपाक करतात."

मी म्हटलं, "बघते."

सातवे नुसतेच हसले आणि होडी बांधायला वळले.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल बसमध्ये चार थांबे गेल्यावर मला कळलं, कशाचं उत्तर ते. मग माझा थांबाही निघून गेला. आगारापर्यंत गेले. चालकाने मागे येऊन सांगितलं, "बाई, पुढे काही नाही."

अकरा वर्षं मी समजत होते की ते मला निरोप देत होते. आणि ते समजत होते की मी त्यांना नाही म्हटलं. दोघांचाही समज चुकीचा होता. मला ते हवे होते. हे मी कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला ते फार हवे होते आणि मी मान वर केली नाही.

त्यांचं काही बिघडलं नाही. त्यांना होड्या आहेत, बायको आहे, ती दात पडलेली पोर आहे. मी त्यांना जिवंत करायला गेले होते. ते होतेच. जेवणाच्या रांगेत ज्याचं ताट नाही तो माणूस मी कुठून आणला होता ते काल कळलं.

अक्काचा फोन आला. रडत होते ते तिला कळलं. तीही रडली. मग म्हणाली, "वरच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे." मी 'बघते' म्हणणार होते. म्हटलं, "महिनाभर येते आधी. मग ठरवू." अक्का लगेच म्हणाली, खोली आजच झाडून घेते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वह्या जमा केल्या. त्याआधी दहावी उघडली. 'सातवा. मृत.' यावर एक रेघ मारली. वर लिहिलं: 'जिवंत. नोंद करणारीची चूक. हेल्मेट पाहिलं, माणूस पाहिला नाही.' तारीख, सही. पाचवी रेघ.

प्रमुख लेखिकेने पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. तिने वही मिटून माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "ही एक हरवली असं मी लिहून देते. तुमच्याकडेच असू दे." त्या मुलीत काहीतरी आहे. फक्त पेन चावणं सोडायला हवं.

दुपारी तळ्यावर फोन केला. मुलीने उचलला. मी म्हटलं, "बाबांना सांग, वहीबाई रविवारी येते."

ती ओरडली, "बाबा, वहीबाई येते म्हणतात!"

लांबून आवाज आला, "काय? नीट विचार. येते की बघते?"

"येते म्हणतात!"

एवढं ओरडून मुलीनेच फोन ठेवला.

रविवार, १ डिसेंबर

सकाळी नासपती घेतले. तळ्याजवळच्या त्यांच्या घराच्या दाराशी पोचले तेव्हा एक वाजायला पंचवीस मिनिटं होती. पायरीवर क्षणभर थांबले. मग बेल वाजवली.

टेबलावर चार ताटं होती. खुर्च्या तीनच, म्हणून सातवे स्वतः एका खोक्यावर बसले. खुर्चीवर बसा म्हटलं तर ऐकेनात, म्हणाले, "ती तुमची." स्वयंपाक खरंच बराच होता, फारसा चांगला नव्हता. बटाटे एका बाजूने करपले होते. मी दोनदा मागून घेतले.

मुलीने विचारलं, "तुम्ही सगळ्यांचं लिहिता ना? मग बाबांचं काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "जिवंत."

"आणि तुमचं?"

सातवे खोक्यावरून माझ्याकडे बघत होते. मीही मान खाली घातली नाही.

"माझं लिहायचं राहून गेलं," मी म्हटलं. "आज घरी जाऊन लिहिते."

घरी आले. दुसरी खुर्ची आता मोकळी आहे, दहावी वही तेवढी तिच्यावर होती, ती उचलून कपाटात ठेवली. खुर्ची पुसली. तिच्यावर बसून हे लिहिलं. इथून खिडकी दिसते, हे मला माहीत नव्हतं.